समुद्राची वाट विचारत मावळात

आमच्या गावातून एसटी निघाली तेव्हा समुद्र अजून दिसत नव्हता, नुसता ऐकू येत होता. खिडकीशी बसून शेवटच्या वळणापर्यंत मी त्याचा आवाज ऐकला. मग माडांच्या वाड्या संपल्या, खाडीवरचा पूल मागे पडला, आणि ओळखीचा खारा वारा केव्हा थांबला ते कळलंही नाही. लोक डोंगर उतरून समुद्राकडे येतात. मी समुद्र सोडून डोंगराकडे निघाले होते, तेही ऐन थंडीत, पाहुण्यांच्या दिवसांत.

पाहुणे नव्हतेच, म्हणून तर निघाले होते. श्रीवर्धनच्या अलीकडे, समुद्राला लागून आमची वाडी आहे. वाडीत तीन खोल्या काढून आम्ही पाहुणे ठेवतो. हे वाडी बघतात, मी चूल बघते. सुरुवातीची वर्षं बरी गेली. आता मुंबईची माणसं बोटीने अलिबागला उतरतात, पाण्यात बुड्या मारायला मालवणला जातात, आणि गोवा तर आहेच. दिवाळीत आलेल्या एका जोडप्याने निघताना सांगितलं, "काकू, पुढच्या वेळी आम्ही थायलंडला जाणार. तिथे सगळं कसं तयार असतं." आपल्या देशाला एवढा किनारा, आणि माणसं समुद्र बघायला परमुलखात जातात. त्या दिवशी खोल्या झाडताना माझं मन कशात लागेना.

त्यातच एक कंपनी गावात आली. आमची आणि शेजारची अशा चार घरांच्या वाड्या एकत्र करून तिथे मोठं रिसॉर्ट बांधायचं म्हणत होती. माझे धाकटे दीर विलासभावजी त्या बाजूने होते. त्यांचा मुलगा पुण्याला नोकरी शोधत होता, आणि गावातच काम मिळालं तर तो परत येईल ही त्यांची आशा. "वहिनी, एकदा लोणावळा बघून या," ते म्हणाले. "धुकं आणि भजी, एवढंच तिथे. तरी गर्दी मावत नाही. आपल्याकडे अख्खा समुद्र आहे." माझी मावसबहीण सुलभा लोणावळ्याजवळच वलवणला दिलेली. म्हटलं, तिच्याकडेही जाणं होईल. मी परत आले की बैठक घ्यायची ठरलं.

खोपोलीला गाडी बदलली. बोरघाट चढताना कान बंद झाले आणि मला डुलकी लागली. डोळे उघडले तो बाहेर सगळं पांढरं. खालून वर येणाऱ्या ढगात गाडी शिरली होती. झाडं एकेक करून जवळ येत आणि विरघळून जात. क्षणभर वाटलं, आपण होडीत आहोत.

लोणावळ्याच्या बाजारात मात्र होडी धक्क्याला लागली. चिक्कीची दुकानं, गाड्यांच्या रांगा, पाट्या, हाका. सुलभा त्यातल्याच एका चिक्कीच्या दुकानात काम करते. मला बघून ती काउंटरमागून धावत आली आणि हाताला तीळ लागलेले असतानाच गळ्यात पडली. तिचे यजमान मधुकरराव भाड्याची गाडी चालवतात, पाहुण्यांना पॉइंट दाखवून आणतात. "ताई, उद्या तुम्हीच माझं गिऱ्हाईक," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला कुरवंड्यावरून नागफणीच्या बाजूला नेलं. जमीन जिथे एकाएकी संपते तिथे आम्ही उभे राहिलो. खाली सगळं कोकण निजलेलं होतं. डोंगरांमागे डोंगर, प्रत्येक मागच्यापेक्षा फिका, आणि सगळ्यांच्या पलीकडे एक रुपेरी रेघ.

"तो समुद्र!" मी ओरडलेच.

मधुकरराव हसले. "न्हाई हो ताई, धुकं आहे ते. समुद्र इथून कुठला दिसायला?"

मला माहीत होतं. तरी मी त्या रेघेकडे बघत राहिले. ह्या कड्याखाली कुठेतरी माझी चूल आहे, माझी तुळस आहे, आणि मी इथे ढगांच्या वर उभी आहे, हे खरंच वाटेना. ऊन वर आलं तशी रेघ पुसली गेली.

दुपारी आम्ही दुधिवरे खिंड ओलांडून पवनेच्या धरणाकडे उतरलो. तिथे मधुकररावांची मावशी, भागूमावशी, तळ्याच्या वरच्या उतारावर तंबू लावून पाहुणे ठेवते. सत्तरीची, काटक, कपाळावर हिरवं गोंदण. "लोणावळ्यात दुकानं बघितलीत. धंदा कसा चालतो ते मावशीकडे कळेल," असं म्हणून मधुकरराव मला तिच्या अंगणात सोडून गेले.

मावशीने जेवायला इंद्रायणीचा भात वाढला. त्याच्या वासानेच अर्धी भूक भागली. सोबत पावट्याचं कालवण आणि माझ्यासाठी मुद्दाम केलेला धरणातला चिलापी मासा. गोड्या पाण्यातल्या माशाला मीठ कितीही लावा, आमच्या जिभेला तो अळणीच. मी तरी घास घेत राहिले. मावशीच म्हणाली, "तुमच्यावानी न्हाई लागत, व्हय ना?" आणि आम्ही दोघी हसलो.

जेवण झाल्यावर मी सवयीने ताटं गोळा करायला उठले. मग अंगण दिसलं म्हणून खराटा घेतला.

"ठिव तो खराटा," मावशी म्हणाली. "पाव्हनी हायेस ना तू? जा, पड जरा."

तिने आंब्याखाली बाज टाकून दिली. दुसऱ्याच्या अंगणात दुपारी आडवं होण्याची माझ्या आयुष्यातली ती पहिलीच वेळ असावी. समोर तळं पसरलेलं, त्यात तिकोना किल्ला उलटा पडलेला. लांब कुठेतरी बैलाच्या गळ्यातली घंटा वाजत होती. झोप आणि जाग यांच्या मधल्या त्या जागेत मी कितीतरी वेळ तरंगत होते. पाहुणे आमच्याकडे येऊन काहीच न करता नुसते पडून का राहतात, ह्याचं मला नेहमी नवल वाटायचं. त्या बाजेवर ते नवल संपलं.

ऊन उतरल्यावर मावशी म्हणाली, "चल, पान्यावर जाऊ." पाणी तर समोरच दिसत होतं. पण आम्ही उलट्या दिशेने निघालो. तळ्याकाठाने बंगल्यांच्या लांबच लांब भिंती उभ्या होत्या. एका ठिकाणी फाटक उघडं बघून मी आत पाऊल टाकलं. लगेच रखवालदार पुढे आला. "मॅडम, प्रायव्हेट है."

मी ओशाळले. मावशीने मात्र त्याला पोरगं कसं आहे म्हणून विचारलं आणि मला हाताला धरून पुढे नेलं. बरंच चालून, एका ओहोळातून आम्ही पाण्याशी पोचलो. चिखलात माझी एक चप्पल रुतली, ती मावशीने काठीने उपसून काढली.

पाण्यात पाय सोडून ती बसली. मग तळ्याच्या मधोमध बोट दाखवून म्हणाली, "तितं माजं म्हायेर. मी परकरात व्हते तवा धरान झालं. घर, देऊळ, चिंच, समदं खाली हाय."

पाणी निळं होत होतं, किल्ल्यांच्या सावल्या त्यात लांबत होत्या.

"मावशी, ह्या भिंती कुणी बांधल्या?"

"आमीच जमिनी दिल्या. कुनाला काय म्हनायचं? पोरांना कामं लागली, खोटं कशाला बोलू? तंबू लावाया लोक येत्यात म्हून माजी चूल पेटती." तिने पायाने पाणी ढवळलं. "पन पान्याकडं जायाची वाट मागून घ्यायची राह्यली बग. त्या वक्ताला कुनाच्या ध्यानातच आलं न्हाई."

मग एकदम माझ्याकडे वळून तिने विचारलं, "तुज्या समुद्राला वाट हाय का?"

"आमच्या वाडीतूनच जाते. सगळं गाव तिथूनच जातं. कोळणी, पोरं, सगळी."

"मंग मला दाव की कवातरी. म्या अजून बगितला न्हाई."

इतक्या जवळ राहून तिने समुद्र पाहिला नव्हता. मी तिला तिथेच शब्द दिला.

घरी परतले आणि आमच्या ओटीवर बैठक झाली. मला भाषण येत नाही. मी एवढंच म्हटलं, की रिसॉर्ट होऊ दे, माझी ना नाही, पण वाडीतली वाट सगळ्यांना उघडी राहील असं कंपनीने आधी लिहून द्यावं. दोन घरांनी मान डोलावली. विलासभावजी उठून अंगणात गेले. कंपनीच्या माणसाने गोड बोलून आठवडाभर वेळ मागितला. नंतर कळलं, त्यांनी खाडीपलीकडचं गाव पसंत केलं. मोठ्या पाहुण्यांना त्यांच्या किनाऱ्यावर दुसरी माणसं चालत नाहीत म्हणे.

भावजी माझ्याशी बोलेनासे झाले. कुंपणापलीकडून त्यांचं शिंपणं ऐकू यायचं, हाक मात्र यायची नाही. मी चूक केली का, हे मी यांना रोज विचारत होते. "तुला तसं वाटलं ना, मग झालं," हे म्हणायचे. पण त्यांचाही आवाज पडलेला असायचा.

होळी झाली आणि एका दुपारी मधुकररावांची गाडी दाराशी थांबली. आतून भागूमावशी, तिची सून आणि गावातल्या आणखी काही बाया उतरल्या. "तंबू बंद ठिवून आलोय," सून म्हणाली. "सासूबाई म्हनल्या, आता आपुन पाव्हनं."

मी सगळ्यांना वाडीतून खाली नेलं. माड संपले, वाळू लागली, आणि मावशी थबकली. कपाळावर हात धरून ती एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बघत राहिली.

"पलीकडचा काठ कुटं हाय?"

"नाही मावशी. दिसत नाही तो."

"आगं बया!" ती म्हणाली आणि लुगडं वर खोचून सरळ पाण्यात शिरली. लाट आली तशी सुनेचा हात घट्ट धरला, दुसरी आली तेव्हा सोडून दिला. मग ओंजळ भरून तोंडाशी नेली, थू थू केलं, आणि पोटभर हसली. मागच्या बायाही धावल्या. भरतीच्या त्या सोनेरी पाण्यात डोंगरातल्या बायकांच्या हिरव्या-जांभळ्या साड्या फुगत होत्या.

मागे पावलं वाजली. विलासभावजी शहाळ्यांचा घड खांद्यावर घेऊन उभे होते. माझ्याकडे न बघता त्यांनी तो वाळूवर ठेवला आणि कोयता काढला.

"किती जणी आहेत?" त्यांनी विचारलं.

"मोजल्या नाहीत," मी म्हटलं.

"असू दे. कमी पडली तर आणखी उतरवतो."

खोल्या अजूनही पुष्कळदा रिकाम्या असतात. खाडीपलीकडे रिसॉर्टचे दिवे लागले आहेत आणि भावजींचा मुलगा तिथेच कामाला जातो. मी हे सगळं बरोबर केलं की नाही, हे मला अजून नीटसं सांगता येत नाही. एवढं मात्र खरं, की त्या संध्याकाळी अंधार पडू लागला तरी मावशी पाण्याबाहेर यायला तयार नव्हती, आणि तिला कुणी बोलावलंही नाही.