रंगाखालची साडी

कलेत माणूस अमर होतो, असं चित्रप्रदर्शनाच्या उद्घाटकांनी बजावून सांगितलं आणि ते चहाकडे वळले.

चित्रकार माझे जुने शेजारी. बायको गेल्यावर त्यांनी तिच्या सगळ्या सुती साड्या एका भल्यामोठ्या कॅनव्हासवर चिकटवल्या आणि त्यांवर रंगाचे जाड थर चढवले. चुण्या, काठ, एका ठिकाणचं रफू, सगळं रंगातून वर आलेलं. समोर उभं राहिलं की कुणीतरी आत्ताच उठून स्वयंपाकघरात गेल्यासारखं वाटे.

सातवा महिना लागलेली त्यांची मुलगी एका काठावरून बोट फिरवत होती.

"बाबा, एक तरी ठेवायची हो. बाळाला दुपटी शिवणार होते मी आईच्या साडीची."

"ही काय, आहे ना! आता कधी विरायची नाही."

"अहो, पण बाळाला गुंडाळू कशात?"

त्यांनी तिच्या पाठीवर हात ठेवला. आठवण टिकवायला गेलं की बहुधा तिचा मऊपणाच आधी जातो. दुपटं धुऊन धुऊन विरलं असतं खरं, पण कुणाला तरी ऊब देऊन.

ते चित्र पुढे एका हॉटेलने लॉबीसाठी घेतलं. तिथल्या सोफ्यांना तो रंग जुळत होता.