पुढचा ट्रक

आमच्या एसटीपुढे एक ट्रक घाट उतरत होता. मागे लाल रंगात मोठं 'L', आत वाळूची पोती. कुणीतरी अवजड गाडी चालवायला शिकत होतं. लहान गिअरमध्ये घरघरत ट्रक माणसाच्या चालीने उतरत होता.

मी आठवडाभराचं ऑफिस अंगावर घेऊन पुढच्या सीटवर बसले होते. घर अजून लांब होतं.

"मामा, हॉर्न द्या की. याच्यापेक्षा बैलगाडी बरी," मागून एक काका म्हणाले.

"देतो," ड्रायव्हर म्हणाले. "तो घाबरून गिअर काढेल, नुसत्या ब्रेकवर उतरेल, ब्रेक तापून लागायचेच बंद होतील. मग दरीतून त्याला गोळा करायला तुम्हीच उतरा."

काका मागे टेकून बसले. आमच्या मागच्या गाड्या मात्र वाजतच राहिल्या.

मागे कुणी उभं राहिलं की माझीही घाई होते. एटीएमपाशी, तिकिटाच्या खिडकीपाशी, कधी बोलतानासुद्धा. वाक्य अर्धं सोडून मी बाजूला होते. याचा थकवा फार असतो, पण तो कुणाला सांगण्यासारखा नसतो. आता हा ट्रकवालाही घाई करेल, असं मला प्रत्येक वळणावर वाटत होतं. पण ट्रकची घरघर बदलली नाही.

पायथ्याशी ट्रक कडेला थांबला. खिडकीतून हात बाहेर आला आणि आम्हाला पुढे जायची खूण करू लागला. बाही घामाने चिकटली होती.

आमच्या ड्रायव्हरने तेव्हा एकदाच, हलका हॉर्न दिला.

"आता कशाला?" काकांनी विचारलं.

"आता नाही घाबरायचा तो."