शून्य एकराला दोन घंटे

चहा घ्या, गरम आहे तोवर. आता मी जे सांगणार आहे ते ऐकून तुम्ही हसाल. हसा बापहो! पण मला त्यातलं निम्मंच हसू येतं, हे आधीच सांगून ठेवतो. कारण मी अख्ख्या गावासमोर, हातात माईक घेऊन, एका सरळ माणसाला लबाड ठरवलं होतं. आणि तेही कशाच्या भरवशावर? कॉम्प्युटरच्या!

मी सुधीर, इंजिनिअर. कंपनी पुण्याची, पण काम सानगडीजवळच्या आमच्या गावात घरी बसून करतो. गावाला मोठा तलाव आहे आणि त्याच्या खाली सगळ्यांच्या धानाच्या बांध्या, म्हणजे धुऱ्यांनी, मातीच्या बांधांनी, अडवलेली खाचरं. पाऊस ओसरला, धान निसवायला लागला, की तलावाचं गेट उघडतात आणि नहरेचं पाणी पाळीपाळीनं एकेकाच्या बांधीत सोडतात. कोणाला किती तास, यावरून पूर्वी डोकी फुटायची. मग लांजेवार गुरुजी मध्ये पडले.

गुरुजी गणिताचे. निवृत्त झाल्यावर साकोलीला क्लास लावला, कॉलेजच्या पोरांशेजारी बाकावर बसले आणि 'सी' नावाची प्रोग्रामिंगची भाषा शिकले! तलावात किती फूट पाणी आणि शेत किती एकर, एवढे दोन आकडे टाकले की किती तास पाणी द्यायचं ते सांगणारं फंक्शन त्यांनी लिहिलं. पंधरा वर्षं गुरुजी यादी काढत आणि गाव ती मानत असे. बळीरामभाऊंच्या दहा एकरांना पंधरा तास, शेवंताकाकूंच्या अर्ध्या एकराला पाऊण तास. कोणी हूं की चूं केलं नाही.

पुढे गुरुजींचा जुना कॉम्प्युटर कायमचा बसला. मला वाटलं, चला, गावासाठी काहीतरी करायची संधी आली.

"गुरुजी, आता यादी सगळ्याइच्या मोबाईलवर धाडू," मी म्हटलं. "मी पायथन भाषेत लिहितो. पन तुमचं गणित तसंच ठेवतो. पायथनमधून तुमच्या सीतल्या फंक्शनले हाक मारतो."

"म्हंजे एका भाषेनं दुसऱ्या भाषेले काम सांगाचं?"

"हाव!"

"सांग बावा. पन ध्यानात ठेवजो, माहं उत्तर पॉइंटमध्ये येते. पाऊण, सव्वा, असं."

"हाव हाव, गुरुजी!"

या 'हाव हाव'चा अर्थ तुम्हाला ठाऊक आहे ना? समोरचा काय म्हणतो ते ऐकायचं नसलं की माणूस दोनदा हाव म्हणतो. मी तर मनात पुढच्या स्क्रीनचा रंग ठरवत होतो.

दोन दिवसांत काम उरकलं. बटण दाबलं, यादी आली. बळीरामभाऊ: दोन तास. शेवंताकाकू: दोन तास. वरपासून खालपर्यंत एकतीस नावं आणि प्रत्येकापुढे दोन तास!

आता कोणताही शहाणा माणूस काय म्हणेल? काहीतरी बिघडलं, म्हणेल. मी काय म्हटलं? मी म्हटलं, वा! डोळ्यांत पाणी आलं हो माझ्या! लहान-मोठा भेद नाही, सगळ्यांना सारखं पाणी. मला वाटलं, गुरुजींचं गणित मुळात असंच समतेचं असणार, आणि यादी लिहिताना कोणीतरी मोठ्यांकडे झुकवत असणार. यादी लिहिणारं तर गावात एकच माणूस होतं. एवढा पुढचा विचार मी केलाच नाही.

ग्रामपंचायतीत सभा भरली. मी माईकवर यादी वाचली. लहान शेतकऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. बळीरामभाऊ मात्र उठून उभे राहिले.

"दहा एकराले दोन घंटे? हे कोनाचं गणित होय?"

"गुरुजींचंच," मी ठासून सांगितलं. "मी त्यात एक अक्षरही बदललं नाही."

मागून कोणीतरी ओरडलं, "मंग इतके साल भाऊले पंधरा घंटे कसे भेटले गा?"

आणि इथे मी ते वाक्य बोललो. आजही आठवलं की कान तापतात. मी म्हणालो, "ते आता गुरुजींनाच विचारा."

गुरुजी कोपऱ्यात बसले होते. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, टोपी नीट केली आणि घरी गेले. त्यांच्या पाठीमागे कुजबुज सुरू झाली, आणि मी मात्र दिवसभर शाबासक्या घेत हिंडलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाळी सुरू झाली. दुपारी शेवंताकाकू चिखलानं माखलेल्या पायांनी माझ्या दारात.

"बाबू, बांधी भरली, धुरा फुटला, आता पाणी शेजारच्याच्या धानात जाऊन राहिलं. गेट बंद कर म्हटलं तं गेटवरचा मानूस म्हन्ते, यादीत दोन घंटे हायेत!"

"काकू, तो तुमचा हक्क होय!"

"हक्क घेऊन पोहू का आता?"

तिकडे बळीरामभाऊंची एक बांधी कशीबशी ओली झाली होती. संध्याकाळपर्यंत अर्धं गाव पुन्हा ग्रामपंचायतीत जमलं, आणि गुरुजीही आले. आदल्या दिवसापासून त्यांच्याशी कोणी नीट बोललं नव्हतं. ते थेट माझ्या लॅपटॉपपाशी येऊन बसले.

"शेवंताच्या नावापुढं शून्य एकर टाक."

टाकलं. दोन तास.

"आता तलावात शून्य फूट पाणी टाक."

टाकलं. दोन तास!

शेवंताकाकू म्हणाल्या, "तलाव सुकला तरी दोन घंटे! मंग आपन पावसाची वाट कायले पाहून राहिलो?"

असा हशा उसळला की काय सांगू! आणि मी? बेशरमपणाची कमाल पाहा. मी म्हणालो, "गुरुजी, तुमच्या फंक्शनमध्येच काही गडबड असन."

गुरुजींनी माझ्याच लॅपटॉपवर त्यांचा सीचा प्रोग्राम एकटा, पायथनशिवाय चालवला. दहा एकर: पंधरा तास. अर्धा एकर: पाऊण. शून्य एकर: शून्य. तलाव कोरडा: शून्य. सगळ्यांनी वाकून पाहिलं. मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

तिथेच, सगळ्यांसमोर, पायथनची माहिती वाचत बसलो. गडबड एका ओळीची निघाली. सीकडे आकडे पाठवताना मी ते नीट बांधून दिले होते. पण येणारं उत्तर पॉइंटवालं असेल, हे पायथनला सांगितलंच नव्हतं. न सांगितलं तर पायथन समजतो की उत्तर पूर्ण आकडाच येणार, आणि भलत्याच जागेवरून तो उचलतो. गुरुजींचं खरं उत्तर एका जागी व्यवस्थित ठेवलेलं, आणि आमचा पायथन दुसरीकडे हात घालतोय. तिथे काय पडलेलं होतं? आपण दोन आकडे दिलेत, एवढी खूण! तोच तो 'दोन'. तीच माझी समता!

मी ती एक ओळ लिहिली. यादी बरोबर आली, गुरुजींच्या पंधरा वर्षांच्या याद्यांसारखी. बळीरामभाऊंनी आपले पंधरा तास यादीत पाहून घेतले आणि काकू धुरा बांधायला निघून गेल्या.

तुम्हाला सांगतो, तेव्हापासून एक गोष्ट मनातून जात नाही. सी चुकली नव्हती, पायथनही चुकला नव्हता. दोघं आपापल्या भाषेत खरंच बोलत होते. चुकला तो मधला माणूस, ज्याला दोन्ही भाषा येतात असा गर्व होता. निरोप नेणाऱ्यानं दोन्हीकडचं ऐकायचं असतं. मी गुरुजींचं ऐकलंच नव्हतं. पायथनला सांगणार कुठून?

मी गुरुजींच्या घरी जाऊन त्यांच्या पाया पडलो. ते म्हणाले, "घरी नको. बदनामी माईकवर केली, तं माफीबी माईकवरच."

रास्तच होतं. मी रीतसर कागदावर लिहून काढलं, "काही तांत्रिक अडचणीमुळे पाण्याची यादी चुकली आणि गुरुजींवर नाहक संशय आला, याबद्दल दिलगिरी." वाचण्याआधी कागद गुरुजींना दाखवला. त्यांनी चष्मा लावला, खिशातून लाल पेन काढला आणि 'काही तांत्रिक अडचणीमुळे' एवढंच खोडलं. वर बारीक अक्षरात लिहिलं, 'सुधीरमुळे.'

"आता वाच," ते म्हणाले. "मोठ्यानं."