खांदेश्वरला पोचायचं होतं बाराच्या आत

किल्ले झाले, समुद्र झाले. ही पोस्ट ठाणे ते खांदेश्वर एवढ्याशा प्रवासाची. गेल्या वर्षी दहा दिवसांच्या धम्मशिबिरातून मी चौथ्या दिवशी पळाले होते. गेल्या महिन्यात पौर्णिमेच्या आदल्या दिवशी मावशीचा फोन आला. विहार नको, शिबिर नको, एक दिवस माझ्या फ्लॅटवर ये, बघ जमतंय का.

मावशी वाशीला क्लार्क आहे. दर पौर्णिमेला ती अष्टशील पाळते. पांढरी साडी, दागिने नाहीत, टीव्ही नाही, झोपायला चटई, आणि दुपारी बारानंतर थेट दुसऱ्या दिवशी सकाळीच खायचं. ऑफिस असलं तर साडेअकरालाच डबा उघडते. या वेळी रविवार होता. अकरापर्यंत पोच, दोघी जेवू, एवढंच तिने सांगितलं होतं.

पनवेल गाडीला खिडकी मिळाली. बेलापूर आलं तेव्हा दहाच वाजले होते, मग काय, उतरले. स्टेशनवरून रिक्षाने दिवाळे कोळीवाडा अगदी जवळ. जाल तर सकाळीच जा, होड्या लागलेल्या असतात, आणि फोटो विचारून काढा. मी विचारलं नाही. टोपलीमागची आजी म्हणाली, "फोटू फुकट हाय, बोंबील इकत हान." मावशीसाठी अर्धा किलो सुके बोंबील घेतले. मग आजी फाटलं जाळं सांधायला बसली आणि मी बघत बसले.

खांदेश्वरला बेल वाजवली तेव्हा बारा वाजून दहा मिनिटं झाली होती. टेबलावर दोन ताटं वाढून झाकलेली. पाहुण्याच्या आधी मावशी जेवत नाही, हे मला लहानपणापासून माहीत.

"तू जेवून घ्यायचंस ना गं."

"तुला बोलावलं होतं ना मी."

मग मीही जेवत नाही म्हटलं.

"तू कुठे शील घेतलंयस? तुझा तो नुसता हट्ट. जेव, आणि मोबाइल ठेव तिकडे."

पिशवीत डोकावून ती हसायला लागली. पौर्णिमेला बोंबील आणणारी तूच, म्हणाली, राहू देत, उद्या करू.

तिचं ताट खाली वॉचमनकाकांकडे गेलं. ती पाण्याचा ग्लास घेऊन माझ्यासमोर बसली. चेहऱ्यावर राग शोधला, सापडला नाही. वांग्याची भाजी इतकी सावकाश मी कधी खाल्ली नव्हती. शिबिरात काय जमलं नाही, तिने विचारलं. बसणं, मी म्हटलं.

"मग आज नुसती बस."

बसले. गॅलरीत, संध्याकाळपर्यंत. दोनदा चप्पल घालून जिन्यापर्यंत गेले आणि परत आले. सकाळी पहिली पोळी मी लाटली. एका बाजूने करपली होती, मावशीने ती पूर्ण खाल्ली. दोघींच्या डब्याला बोंबलाचं कालवण.

घरी येऊन महिना झाला. शिबिराला पुन्हा जाईन की नाही, माहीत नाही. अजूनही मधल्या स्टेशनांवर उतरते. पण परवाची पौर्णिमा ऑफिसच्या दिवशी आली, आणि सव्वाअकराला मी डबा घेऊन वाशीला मावशीच्या ऑफिसात, तिच्या टेबलापाशी उभी होते. तिने घड्याळाकडे पाहिलंसुद्धा नाही. फक्त शेजारची खुर्ची ओढली.