पुढची तारीख मिळावी

मराठवाड्यातल्या सगळ्या भित्र्यांचा मोर्चा काढला, तर माझा आतेभाऊ त्यात बरोबर मधोमध चालेल. पुढे चालणार नाही, कारण लाठी तिथे बसते; मागेही नाही, कारण मागच्यांच्या पायाला कुत्री लागतात. हा गृहस्थ औरंगाबादला वकिली शिकत होता आणि न्यायासाठी लढणार होता, असं आमची आत्या अख्ख्या अंबडभर सांगत फिरायची.

त्या उन्हाळ्याच्या सुट्टीत तो अंबडच्या एका वकीलसाहेबांकडे काम शिकायला राहिला. काम शिकला म्हणजे काय, तर साहेब दुसरीकडे गुंतले की कोर्टात अर्ज पुढे सरकवायचा, मान खाली घालायची आणि म्हणायचं, "पुढची तारीख मिळावी." हे एकच वाक्य तो दोन महिने बोलला आणि ते त्याच्या अंगात इतकं मुरलं, की आत्याने "विहिरीवर जातोस का रे?" विचारलं तरी हा हात जोडून तारीख मागायचा. आत्या म्हणायची, "कायदा शिकून राह्यलाय का भीक मागायला?" साहेबांचा एक जुना काळा कोट त्याने मागून आणला होता. वैशाखात, पत्र्याखाली, तो कोट घालून बसायचा. घामाने निथळायचा, पण गुंडी काढायचा नाही. म्हणे, सवय पाहिजे.

कारण जालन्याच्या एका जिनिंग मिलमध्ये कायद्याची कागदपत्रं सांभाळायला माणूस हवा होता आणि याला मुलाखतीचं बोलावणं आलं होतं. वडील नाहीत, आत्या शेतात राबून दमलेली. ही नोकरी लागली तर तिचं राबणं सुटणार होतं. त्याने एका वहीत साठ प्रश्न आणि साठ उत्तरं लिहून काढली. मला पालथ्या टोपल्यावर साहेब म्हणून बसवायचा आणि दाराबाहेर जाऊन "आत येऊ का साहेब?" विचारायचा. एकदा मी 'बसा' म्हणायला विसरले, तर माझी भाकरी खाऊन होईस्तोवर तसाच उभा! मी मुद्दाम विचारलं, "त्याच मिलमध्ये पाण्याचे दोन रांजण कशाला? आपल्या वस्तीतल्या बायांना वेगळा का?" तो वही चाळत म्हणाला, "हा प्रश्न साहेब इचारणार न्हाईत."

मी त्याच रांजणांबद्दल पत्रक लिहून ठेवलं होतं. त्याला वाचून दाखवलं तेव्हा वाटलं, निदान रक्त तरी तापेल. त्याने कागद उलटा-सुलटा करून पाहिला. "पुढारीणबाई, खाली नाव कुठाय? बिनसहीचा कागद कोर्टात उभा राहात न्हाई." खाली मी 'एक जागृत नागरिक' असं लिहिलं होतं. "तुझ्यासारख्या भेकडाने मला शिकवू नये," मी म्हटलं. पत्रक तसंच छापलं आणि मिलच्या फाटकावर वाटलं.

मुलाखतीला आत्याने मला सोबत धाडलं. "त्यो गडबडतो, तू बराबर राहा." मी व्हरांड्यातल्या बाकावर बसले. उकाड्यामुळे खिडकी उघडी होती. आतून त्याची उत्तरं धडाधड येत होती. साठातली चाळीस तरी मी ओळखली. आतले साहेब खूश झालेले ऐकू येत होते. मग कागद फडफडला.

"हे पत्रक आमच्या फाटकावर वाटलं गेलं. तुमच्याच लोकांतून निघालंय म्हणतात. कोणी लिहिलं, ठाऊक आहे?"

मी बाकाच्या टोकाला सरकले.

"नाव सांगा आणि उद्यापासून कामावर या."

खुर्ची सरकल्याचा आवाज आला. तो उभा राहिला असावा.

"साहेब, पुढची तारीख मिळावी."

आत हशा पिकला. "अहो, हे कोर्ट आहे का?"

"न्हाई साहेब. तरी तारीख मिळावी."

हशा थांबला. "उद्या सांगाल?"

"उद्याबी तारीखच मागंन, साहेब."

परतीच्या एसटीत तो कोटाची घडी मांडीवर घेऊन बसला होता. मला काहीतरी मोठं, छापण्याजोगं बोलायचं होतं. पण आधी तोच म्हणाला, "त्यो प्रश्न वहीत नव्हता." आणि मग, "कोट धुऊन द्यावा लागंन." घरी आत्याने विचारलं तेव्हा त्याने 'मी गडबडलो' एवढंच सांगितलं. दुसऱ्या दिवशी ती पहाटेच शेतावर गेली.

पुढच्या पत्रकाखाली मी पहिल्यांदा माझं पुरं नाव छापलं, गावासकट. त्याने ते दोनदा वाचलं. "आता उभा राहतो बघ कागद," म्हणाला आणि घाबरून इकडेतिकडे पाहत खिशात घातला.

भित्रा तो अजूनही आहेच. वकीलसाहेबांनी परत न घेतलेला कोट घालून मोर्च्यात मधोमध चालतो, घोषणा ओठांतल्या ओठांत देतो. मी पुढे असते. पण हल्ली घोषणा देण्याआधी मी एकदा मागे वळून, गर्दीच्या मधोमध, तो काळा कोट आहे ना, बघून घेते.