लाल पिन पिवळ्यात

दिग्रस, रविवार, १९ नोव्हेंबर २००६. हजर: आई, धाकटा भाऊ, मी. बाबांना जाऊन तीन महिने झाले होते.

माझ्या वहीतल्या यादीत काम एकच होतं. आदल्या हंगामात मावसभावानं कापसाच्या जिनिंगच्या आवारात बाबांचं शूटिंग केलं होतं. आईला ते टीव्हीवर बघायचं होतं, म्हणून तो एक दिवसासाठी कॅमेरा ठेवून गेला होता. कॅमेऱ्याच्या वायरीला टीव्हीच्या बाजूनं तीन पिना: पिवळी चित्राची, पांढरी आणि लाल आवाजाची. टीव्हीमागे त्याच रंगांची सॉकेटं.

जिनिंगमध्ये गाठींना चिठ्ठ्या बांधणं हे बाबांचं काम. घरातही डब्यांना, किल्ल्यांना त्यांच्या चिठ्ठ्या असत. या वायरीलाही होती, शूटिंगनंतर त्यांनीच ती लावून बघून बांधलेली: ‘लाल पिन पिवळ्यात, पिवळी लालमध्ये.’ ती चूक आहे असं ठरवून मी सकाळीच आवरताना दोरा कापला आणि चिठ्ठी चुलीत टाकली.

रंगाला रंग जुळवून वायर लावली. पडदा काळाच. नुसती घरघर, आणि तिच्यातून बाबांचा आवाज: “यंदा कापूस नाही, त माहेच फोटो काढा.”

भाऊ म्हणाला, “ताई, तुह्या यादीत चित्र लिहाचं राहिलं वाटते.”

आई हसली नाही. ती काळ्या पडद्याजवळ सरकून बसली. “चिठ्ठी कुठी गेली? त्यायनं उगाच नसन लिहिलं.”

वायर खराब आहे, असं मी सांगून टाकलं. अदलाबदल करून बघितली असती, तर चिठ्ठी वाचल्याचं कबूल करावं लागलं असतं. संध्याकाळी कॅमेरा परत गेला.

पुढं कित्येक वर्षांनी आर्णीच्या दुकानदारानं सांगितलं, काही कॅमेऱ्यांच्या वायरी आतून उलट्या जोडलेल्या असतात. रंगावर जायचं नाही. आता आमच्या टीव्हीला एचडीएमआयचीच खाच आहे, म्हणून त्याच्याकडून मध्ये लावायचा, तीन रंगांच्या सॉकेटांचा डबा आणला. मावसभावाकडून तो कॅमेरा, ती वायर आणि कॅसेट मागवली. लाल पिन पिवळ्यात घातली.

बाबा दिसले. गाठीला चिठ्ठी बांधत होते, दोऱ्याचं टोक दातात. आईनं तीनदा मागे घ्यायला लावलं. मग विचारलं, “आता कशी लागली?”

“नवीन डबा आणला,” मी म्हणाले.

यादीत डबा, वायर, कॅसेट: तिन्हींवर टिक केली. खाली एक ओळ आहे, ती दर महिन्याला नव्या पानावर उतरवते: आईला चिठ्ठीचं सांगणे.