आरशात नसलेला माणूस

उझबेकिस्तानातल्या मर्गिलानमध्ये फोटोग्राफर तोलकिन-अका, म्हणजे तोलकिनदादा, याच्याशिवाय लग्न लागत नाही असं नाही. लागतं हो, पण ते लागलं होतं हे पुढे कुणाला पटवून देता येत नाही.

लोकांना वाटतं, कॅमेरा गळ्यात अडकवला, बटण दाबलं की झालं. झालं कसलं डोंबल! सूर्य उगवायच्या आत पुरुषांचा पुलाव असतो, तिथे वाफेने काच धुरकटते. पुसावी तर घरधनी हात धरून बसवतो, "अका, आधी चार घास!" नाही म्हणायची सोय नाही, ज्या घरचं खाल्लं नाही त्या घरचे फोटो काळे येतात, असं बायका खुशाल बोलून मोकळ्या होतात. एका दिवशी तीन लग्नं असली की तीन पुलाव. तोलकिन-अकाचं पोट हे असं लोकांच्या लग्नांनी वाढलेलं. गुडघे मात्र स्वतःचेच, आणि ते केव्हाच गेलेले. फोटोसाठी खाली बसला की उठवायला दोन जण लागत. त्यातून सोन्याचे दात केलेल्या आत्या-मावश्यांची तऱ्हा निराळी. "दात चमकला पाहिजे हां!" म्हणून त्या आ वासून उभ्या राहत, आणि चमकला नाही तर ठपका फोटोग्राफरवर.

पण एका गोष्टीत तोलकिन-अकाचा हात धरणारा कुणी नव्हता, आणि ती म्हणजे आरसा. नवरा-नवरीला शेजारी बसवतात, डोक्यावर एकच रेशमी कापड धरतात आणि समोर आरसा आणतात. जोडी म्हणून दोघं स्वतःला पहिल्यांदा बघतात ती त्यात. हे एकदाच. दुसऱ्यांदा आरसा दाखवत नाहीत. बाकीच्यांच्या फोटोत आरशात मधोमध कोण? तर फोटोग्राफर! तोंडाच्या जागी कॅमेरा घेऊन बसलेला. तोलकिन-अका मात्र कमरेत वाकून, मान वाकडी करून, पोट आत ओढून असा काही कोन साधायचा की आरशात दोघंच. "लग्न त्यांचं," तो म्हणायचा, "मी कशाला मधे कडमडू?"

त्याची बायको मस्तुरा यावर फणकारायची, "आरशात नाही ते ठीक आहे हो. आपल्या घरातल्या एका तरी फोटोत आहात का? शेजारणी विचारतात, नवरा आहे ना?"

आणि एक सवय होती त्याला, वाईट. मुलगी सासरी निघते तेव्हा बाप उंबऱ्यात उभा राहून दुवा देतो आणि तिथूनच मागे फिरतो. त्या दिवशी मुलीच्या बापाने सासरघरी पाऊल टाकायचं नाही. तर बाप तिथे हुंदके देत असला की तोलकिन-अका खुशाल ओरडायचा, "अका, रडणं परत एकदा! फोकस गेला!" विणकर खोसियत-ओपाच्या, म्हणजे खोसियतताईच्या, नवऱ्याला तर त्यांच्या मुलीच्या वेळी त्याने सगळ्या गल्लीसमोर तीनदा रडायला लावलं होतं.

नशीब बघा, त्याच खोसियत-ओपाच्या मुलाशी तोलकिन-अकाच्या मुलीचं, हुल्करचं लग्न ठरलं.

उंबऱ्यात हुल्कर गळ्यात पडली तेव्हा तोलकिन-अकाला दुवासुद्धा धड म्हणता येईना. सकाळभर तो अंगणातल्या बाजेवर भिंतीकडे तोंड करून पडला. दुपारी फोन वाजला. खोसियत-ओपाने शेजारच्या फर्गाना शहरातून नव्या तऱ्हेचा फोटोग्राफर आणला होता, उडत्या कॅमेऱ्यासकट. तो कॅमेरा शेजाऱ्याच्या कबुतरांच्या थव्यात घुसला, तिथून तुतीच्या झाडात अडकला, फोटोग्राफर त्याच्यामागे झाडावर चढला आणि पाय मोडून खाली आला.

"हे बघा, मी विहीण म्हणून बोलत नाही, गिऱ्हाईक म्हणून बोलतेय," खोसियत-ओपा म्हणाली. "आरसा व्हायचाय. फोटोग्राफर आला तर चालेल. नवरीचा बाप आला तर माझ्या दारात तमाशा होईल, आणि त्यावरून तुमच्या मुलीला जन्मभर ऐकावं लागेल. समजलं?"

मस्तुराने कपाळावर हात मारला. "अहो, लाज आहे का? काय तोंड दाखवाल तिथे?"

"तोंड कुठे दाखवतोय? तोंडापुढे कॅमेरा असतो." तोलकिन-अका बूट शोधत होता.

तिथे सगळ्यांना कोण आलंय ते ठाऊक होतं, आणि सगळ्यांनी ठाऊक नसल्याचं सोंग केलं. एका म्हाताऱ्याला राहवेना. "काय फोटोग्राफर, तुम्हाला लेकबाळ?"

"होती. सकाळपर्यंत," तोलकिन-अका म्हणाला आणि काच पुसायला लागला. मग अर्थातच पुलाव आला. तोही गिळला बापड्याने.

आरसा आणला. तो गुडघ्यांवर बसला, कमरेत वाकला, मान वाकडी केली. रेशमी कापडाखाली हुल्कर खाली मान घालून बसलेली. नवरीने हसायचं नसतं, वर बघायचं नसतं. ती दोघं आरशात नीट येईनात, तेव्हा सवयीने त्याच्या तोंडून गेलं, "पोरी, हनुवटी जरा वर."

आवाज ऐकला आणि पोरगी चमकली. तिने वर बघितलं, आरशात इकडेतिकडे शोधलं. कोनामुळे दिसत तर कुणीच नव्हतं. तिचा चेहरा पडला. मग तोलकिन-अकाचं काय झालं कोण जाणे, तो तसाच गुडघ्यांवर सरकत सरकत आरशाच्या समोर आला. डोळ्यांत पाणी, कॅमेऱ्यातून काही दिसेना, म्हणून कॅमेरा छातीशी उतरला. बोट मात्र बटणावर होतं, ते दाबलं गेलं.

हुल्कर हसली. सगळ्या सासरसमोर, दात दाखवून हसली.

बायकांनी डोक्यावरच्या रुमालाची टोकं तोंडाला लावली. तोलकिन-अकाने कॅमेरा छातीशी कवटाळला. केला घात पोरीचा, स्वतःच्या हाताने केला! सगळ्यांच्या नजरा खोसियत-ओपाकडे. ती कमरेवर हात ठेवून पुढे आली, व्याह्याकडे नीट वाकून बघितलं, आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "फोटोग्राफर, रडणं परत एकदा! फोकस गेला!"

सगळं अंगण हशाने फुटलं. तिचा नवरा तर इतका हसला की टोपी पडली. तोलकिन-अकाला मग परत रडायला सांगावं लागलं नाही. त्याला उठवायला दोन जण आले, त्यातला एक जावई होता.

फोटो हललेला आलाय. नवरीचे दात दिसतात, नवऱ्याचा अर्धा कान कापला गेलाय, आणि आरशात मधोमध एक जाडा माणूस नाक ओढतोय. इतका वाईट फोटो त्याने उभ्या जन्मात काढला नव्हता. मस्तुराने तो घरी बैठकीत टांगलाय. गिऱ्हाइकं तिथे येतात म्हणून तो काढून ठेवावा, निदान कडेने थोडा कापावा, असं त्याने सुचवून बघितलं.

"हात लावून बघा," मस्तुरा म्हणाली. "एवढ्या वर्षांनी नवरा सापडलाय मला."